दुपारचं लव्हेंडर

१

“बस म्हणते ना गाडीत! बैल काय तुझी आरती होईस्तवर उभे ऱ्हातील?”

“मी नाय जाणार.”

“पयलं बाळंतपण माहेरी होतं. माझं झालं, तुझ्या आईचं झालं—”

“माझी आई त्यातच मेली, आत्याबाय. माहेरीच.”

कर्जतच्या नदीघाटावर भांडणात सोनुबाईपुढे टिकलेलं माणूस नव्हतं, आणि ही काल आलेली सून, पारू, ओटीच्या खांबाला मिठी मारून उभी होती आणि एकेका वाक्यात तिला गप्प करत होती.

अंगणात खालापुराहून आलेली बैलगाडी उभी होती. सोनुबाईचा मुलगा सखा पारूचं बोचकं काखेत धरून बैलांकडे बघत होता. बायको आणि आई यांच्यात बघण्यासारखी ती एकच सुरक्षित जागा होती. गाडीवान चिंचेखाली बसून तंबाखू मळत होता. तो हे सगळं खालापुरात सांगणार, यात शंका नव्हती.

“सावत्र आई हाय ना तिकडं?” सोनुबाई पुन्हा सुरू झाली. “ती काय खाईल तुला?”

“खाणार नाय. बघणारबी नाय.”

“आनि हितं कोण बघतंय तुझ्याकडं? सकाळची मी घाटावर, ह्यो इंजनाच्या शेडात. काय ठेवलंय तुझं हितं?”

पारूने फक्त मान वळवून आत, मधल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. जेवायला बसलेलं पोर आई उठून गेली की दाराकडे बघतं, तसं.

ते बघणं सोनुबाईने टिपलं आणि ऊन असूनही तिच्या अंगावर काटा आला. पारूचे पाय सुजले होते. जोडवी मांसात रुतली होती. सातवा सरत आला होता. माथ्यावर सूर्य यायला अजून दोन-अडीच तास होते, आणि त्याच्या आत ही गाडी नदीपलीकडे गेली पाहिजे, एवढंच सोनुबाईला कळत होतं. का, ते ती कोणाला सांगू शकत नव्हती. आपण डोळ्यांनी पाहिलेलं आपल्यालाच खरं वाटत नसेल, तर ते दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

२

स्टेशनाच्या वरच्या अंगाला टेकाडावर रेल्वेच्या साहेबाचा बंगला होता. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा द्यायला कर्जतात जादा इंजिनं जोडत, आणि त्यांच्या कोळशाने गावात पांढरं म्हणून काही पांढरं राहत नसे. तरी बंगल्याच्या चादरी बगळ्याच्या पंखासारख्या असत. त्या सोनुबाईच्या हातामुळे. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगे, आणि ते खोटं नव्हतं. नवरा गेल्यावर कपड्यांची भट्टी, घाटावरचा दगड आणि कोळशाची इस्त्री ही तिन्ही तिने दिराच्या हाती जाऊ दिली नव्हती. दीर महिनाभर रुसला होता. रुसू दे.

बंगल्यातली मडम उंच, फिकट बाई. तिच्या कपड्यांना एक परका वास असे, गार, थोडा कडवट, धुऊनही न जाणारा. बटलर चांगोने त्याचं नाव सांगितलं, “लवंडर.”

चांगोला आपलं ज्ञान वाटायची भारी हौस. “पाणी येगळं, तेल येगळं, सोनुबाय. पाणी अंगाला नि कपड्याला, तेल नुसतं थेंबाला.” शेवटच्या विसळणीत झाकणभर पाणी. आजाऱ्याच्या चादरीवर चार शिंतोडे. घेरी आली तर रुमालावर घेऊन हुंगायचं. डोकं दुखलं तर कपाळावर पट्टी आणि दोन्ही कानशिलांवर ओलं बोट. तेलाचा बोळा लोकरीत ठेवला तर कसर लागत नाही, पलंगाच्या फटीत ठेवला तर ढेकूण चालता होतो. पोटात मात्र काहीच घ्यायचं नाही.

“आनि नवऱ्याला लावलं तर?” सोनुबाईने विचारलं होतं.

“त्याला काय व्हतंय?”

“चालता व्हतो का, इचारते.”

चांगो आठवडाभर ते सांगून हसत होता.

विलायतेत जांभळ्या फुलांचं झुडूप असतं म्हणे, त्याचं हे सगळं. सोनुबाईला झुडूप बघायची हौस नव्हती. गुण मात्र तिने एकदा पाहिला. बंगल्याच्या पडवीत पडदे इस्त्री करताना निखारा उडून तिचं मनगट भाजलं. मडम स्वतः आतून आली, एका छोट्या बाटलीतून पिवळसर तेलाचे दोन थेंब तिने चटक्यावर टाकले आणि बोटाने पसरले. फोड आला नाही. डागही राहिला नाही. राहिली ती एकच आठवण. मडमचा हात ऐन उन्हाळ्यातही माठाच्या पाठीसारखा गार होता, आणि काम झाल्यावरही तिने मनगट सोडायला फार वेळ लावला.

खटका उडे तो घडीवरून. सोनुबाई अभ्र्यांची चौघडी करी, कारण तिचा सासरा चौघडी करत असे. मडम तिच्या डोळ्यांदेखत ते अभ्रे उलगडी आणि तीन घड्यांत पुन्हा घडी घाली, मधून दोन्ही बाजूंना हात फिरवून. दर खेपेला. रागाने नव्हे. जणू त्या घरात तेवढंच काम तिच्या वाट्याला आलं होतं.

३

मडमला दिवस होते. पाय सुजले, डोकं ठणकू लागलं. दुपारी खिडक्या लावून ती पडून राही आणि चांगो पट्टी बदलत राही. आठव्या महिन्यात, होळीनंतरच्या एका भर दुपारी, ती गेली. मूलही गेलं.

चांगो घाटावर सांगायला आला, तेव्हा त्याच्या बोटांना अजून वास येत होता. “लवंडरनं ठणका थांबत व्हता, सोनुबाय. आजार कुटं थांबतोय? आमाला वाटलं, बरं वाटतंय तिला.”

पंधरा दिवसांत साहेब बदली घेऊन गेला. सामान माथेरानच्या एका बंगलेवाल्याने उचललं, बाटल्यांसकट. चांगो मुंबईला गेला. फाटकाला कुलूप लागलं.

आणि मग सोनुबाईला भट्टीच्या तळाशी एक अभ्रा सापडला.

तीस वर्षांत कोणाचा चिंधीएवढा तुकडा तिच्या घरी राहिला नव्हता. ती तो घेऊन बंगल्यावर गेली, तिथे कुलूप. स्टेशनावर गेली, तिथल्या कारकुनाने माशी वारावी तसा हात हलवला. अभ्रा परत घरी आला.

परटाच्या घरी प्रत्येक कापडावर बिब्ब्याच्या तेलाने खूण घालतात. कापड फाटेल, पण ती खूण जायची नाही. सोनुबाईची चंद्रकोर, नदीकाठचे सगळे परीट ती ओळखत. तिच्या शेजारी ज्या घरचं कापड त्या घरचे ठिपके. बंगल्याचे तीन होते. परटाच्या स्वतःच्या कपड्यांना मात्र कसलीच खूण नसते. खूण असते ती परत पाठवायच्या कापडाला.

तो बेवारस अभ्रा रोज फडताळात दिसे आणि सोनुबाईचं डोकं फिरे. शेवटी एका सकाळी तिने बिब्बा टोचला आणि ते तीन ठिपके काळे फासून बुजवून टाकले. उरली ती नुसती चंद्रकोर.

“आता तू माझा,” ती अभ्र्याला म्हणाली, आणि लुगड्यांच्या चळतीत तळाला तो दडपून टाकला. तिच्या घराला कधी नव्हती ती खूण त्या दिवशी लागली, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

४

पहिल्यांदा आला तो वास.

सोनुबाई सकाळी घाटावर जाई ती ऊन कलल्यावर येई. वैशाखातल्या एका दिवशी उंबऱ्यात पाय ठेवला आणि तिच्या नाकाला ते गार, कडवट काहीतरी लागलं. तिने विचार केला. इतकी वर्षं बंगल्याचे कपडे या घरात शिजले. वास भिंतीत मुरला असेल, उन्हाने सुटला असेल. पटण्यासारखं होतं. तिला पटलं.

मग अभ्रा तळातून वर आला. चळतीच्या वर, मधोमध खळगा पडलेला, डोकं टेकून उठावं तसा. खळग्याच्या दोन्ही बाजूंना ओलसर दोन ठिपके.

“दुपारची लोळतेस त्याच्यावर, तर सांग की सरळ!” तिने पारूला झापलं.

“तुमी म्हणाल तसं, आत्याबाय,” पारू म्हणाली आणि हसली.

लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. या घरात ती पोर अशी पोट भरल्यासारखी हसलेली सोनुबाईने पाहिली नव्हती. याचा अर्थ एकच. बाटली! बंगला आवरताना मदतीला गेली होती पारू, तेव्हा उचलली असणार. सोनुबाईने पिठाचा डबा, गोधड्या, चुलीमागचा कोनाडा, कौलांखालची फट, सगळं धुंडाळलं. मुंगळे निघाले, विंचू निघाला, हरवलेला चमचा निघाला. बाटली नाही.

सखा शेडातून आल्यावर तिने विषय काढला. तो ऐकून घ्यायच्या आधीच बोलू लागला.

“आये, येक सांगू? बरं केलंस तू.”

“काय बरं केलं?”

“पारू सांगत व्हती. तू हल्ली दुपारची घरी येतेस नि तिच्या कपाळाला पट्टी लावतेस. तिचं डोकं लई ठणकतं गं. कुणाला बोलत नाय ती.” त्याने मान खाली घातली. “म्हणाली, आत्याबायचा हात लई मऊ हाय.”

सोनुबाईने आपल्या हातांकडे पाहिलं. धुण्याच्या साजीखाराने सालटं निघालेले, इस्त्रीने करपलेले, घाटाच्या दगडासारखे दोन हात.

“मी नाय गेले” असं त्याच क्षणी म्हणायला हवं होतं. पण मुलगा तिच्याकडे असा बघत होता, जसा लहानपणानंतर कधी बघितला नव्हता. आयुष्यात नको तिथे बोलली, आणि बोलायचं तिथे गप्प बसली ती त्या एकदाच.

५

दुसऱ्या दिवशी तिने अभ्रा कमरेला खोचून घाटावर नेला आणि उल्हास नदीच्या धारेत सोडून दिला. तो फुगला, वळला आणि नेरळच्या दिशेने निघून गेला. सोनुबाईने चार चादरी अशा बडवल्या की शेजारच्या दगडावरच्या बाया उठून पलीकडे गेल्या.

तीन दिवस घरात नुसता चुलीच्या धुराचा वास होता. पारू मात्र त्या तीन दिवसांत धड जेवली नाही. दुपारनंतर कपाळ धरून भिंतीशी बसे. कोणाची तरी वाट बघत बसावं तशी.

चौथ्या दिवशी नदीच्या खालच्या अंगाचा नागू परीट गाढवावर गाठोडं लादून आला.

“सोनुबाय, तुझं कापड व्हाऊन आलं आमच्या घाटावर. म्हातारी झालीस का काय? हातातनं कापडं सुटाया लागली.”

“म्हातारी तुझी सासू.”

नागूने दात काढत गाठोडं सोडलं. वरच अभ्रा होता. कोरडा, सपाट, तीन घड्यांत.

“ही घडी कुणी घातली?”

“म्या कुटं घातली? वल्लाच बोळा करून टाकला व्हता मी.” नागूने डोकं खाजवलं. त्याचं हसू थोडं उतरलं. “उनानं वाळला असंल. पन चंद्रकोर तुझी हाय, बाय. दुसऱ्याची असती तर त्याच्या दारी नेला असता. खूण बघून कापड घरी पोचवायचं, येवढंच आपलं काम.”

नदीतून वाहून येऊनही त्याचा वास गेला नव्हता. आतून पारू बाहेर आली, भिंतीला धरत, आणि सोनुबाईच्या हातातून अभ्रा काढून घेऊन आत गेली.

जाळावा, असं सोनुबाईच्या मनात आलं. पण जन्मभरात तिने कापडाला आग दाखवली नव्हती. आणि ती स्वतःला म्हणाली, त्या पोरीला कोणीतरी शेजारीण येऊन पट्टी लावत असेल. नाव माझं सांगते, कारण मला ऐकून बरं वाटावं. कोण ती बघते उद्या.

६

उद्याची दुपार. दगडावर ओले कपडे तसेच टाकून ती घरी निघाली. गावात चिटपाखरू नव्हतं. शेडातून इंजिनाची वाफ सुटल्याचा लांबट आवाज आला आणि थांबला. दाराची कडी लावलेली नव्हती.

ओटीवर पाऊल टाकताना तिला आवाज ऐकू आला. वाटीत कापड पिळल्याचा.

कापड पिळण्यावरून माणूस ओळखणं हा परटाच्या घरात जन्मभर लागणारा नाद. पारू पिळते ती मुठीने, घाईघाईने. शेजारची बायजा पीळ घालून. हे कोणी तरी दोन बोटांच्या चिमटीत धरून पिळत होतं, थेंब थेंब, ज्याने कधी मोठं कापड पिळलं नाही अशा हाताने.

मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. सोनुबाईने फटीला डोळा लावला.

पारू चटईवर उताणी, डोळे मिटलेले, डोक्याखाली तो अभ्रा. कपाळावर ओली पट्टी, तीन घड्यांची. उशाशी पितळी वाटी. दुसरं कोणी नाही. खोली जेमतेम चार-पाच हात लांबीची, लपायला जागा नाही, मागचं दार आतून लावलेलं.

पट्टीची एक कड उचलली गेली. वाऱ्याने उडावी तशी नव्हे. सावकाश, ओलेपणाच्या वजनासकट. ती उलटली, गार बाजूने पुन्हा कपाळावर बसली आणि मधून दोन्ही कानशिलांकडे सपाट झाली.

पारूने झोपेत मान वळवली आणि गाल त्या रिकाम्या बाजूला टेकवला.

मग तिच्या पोटावरचं लुगडं दबलं. तळव्याएवढं. हळूच.

सोनुबाई वाट बघत राहिली. ते उचललं जाईल म्हणून. बाहेर एक गाडी आली, थांबली, मागून इंजिन जोडलं गेलं, शिट्टी झाली, गाडी घाटाकडे निघून गेली. ते अजून तिथेच होतं.

ती ओरडली नाही. दार ढकललं नाही. आत जाऊन सुनेला ओढून उठवावं, एवढंही तिच्याने झालं नाही. पुढे जन्मभर तिने स्वतःला माफ केलं नाही ते या गोष्टीसाठी. पावलांचा आवाज न करता ती मागे सरली, घाटावर गेली, आणि अंधार पडेपर्यंत धुतलेलेच कपडे पुन्हा धूत राहिली. घरी आल्यावर तिने पहिल्यांदा पारूच्या पायांकडे नीट पाहिलं. त्याच घडीला सखाला उठवून तिने खालापूरला निरोप धाडला, गाडी पाठवा.

७

आणि आता गाडी दारात होती, आणि पारू खांब सोडत नव्हती.

“आये, ऱ्हाऊ दे ना तिला,” सखा पुटपुटला. “तू हायेस की बघायला. दुपारची येतेसच—”

“मी येत नाय!” सोनुबाईचा आवाज फाटला. चिंचेखालचा गाडीवान उठून उभा राहिला. “येकदाबी आले नाय. घाट सोडून दुपारची घरी यायला मी काय सावकारीण हाय? ऐक, पारे. तुझ्या कपाळाला पट्टी लावणारी मी नव्हे.”

सखाच्या काखेतून बोचकं खाली पडलं.

“मग कोण?” तो म्हणाला.

“ती मडम गेली तवा तिचेबी पाय असेच सुजले व्हते. तिलाबी पट्टीनं बरं वाटायचं. लई बरं वाटायचं, नि आत काय चाललंय ते कुणाला कळलं नाय, तिला सोताला नाय कळलं.” सोनुबाईने पदराने तोंड पुसलं. कोणाहीपुढे कधी न वाकलेली ती बाई ओटीची पायरी चढून सुनेसमोर गेली, आणि तिने हात जोडले. “माझ्यावर राग हाय ना तुझा? धर. आयुष्यभर धर. शिव्या दे मला गाडीतनं. पण ऊन माथ्यावर यायच्या आत हितनं नीघ, बाय. तुझ्यासाठी नाय तर पोटातल्या पोरासाठी.”

पारू घाबरेल असं तिला वाटलं होतं. किंचाळेल, सखाला बिलगेल, धावत गाडीत जाऊन बसेल. या पोरीचं भय हेच आता तिच्या हातातलं शेवटचं हत्यार होतं.

आतून, मधल्या खोलीतून, फरशीवर पितळी वाटी ठेवल्याचा आवाज आला.

सखाने ऐकला. गाडीवानानेही ऐकला, त्याने घरातली माणसं मोजल्यासारखं तिघांकडे पाहिलं आणि बैलांचे कासरे घट्ट धरले. तो वास ओटीपर्यंत आला, गार आणि थोडा कडवट.

पारूचा चेहरा मात्र सैल झाला. तिने खांब सोडला, पोटावर हात ठेवला आणि सासूकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर सोनुबाईला भांडता आलं असतं.

“पयल्या दिवसापासून ठाऊक हाय मला, आत्याबाय,” ती आत वळता वळता म्हणाली, “तुमचा हात असता, तर मी दचकून उठले असते.”